ऊर्जा अक्षय्य, संवेगही अक्षय्य : एका राहून गेलेल्या उत्तराविषयी

स्मरणिकेसाठी काही लिहावे असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतर निवृत्त शिक्षकांप्रमाणे मीही आठवणींच्या वाटेने जाईन अशी त्यांची अपेक्षा असावी. आठवणी पुष्कळ आहेत. परंतु एका विद्यार्थ्याला द्यावयाचे एक उत्तर माझ्याकडून अनेक वर्षांपूर्वी राहून गेले आणि ते मनातून जात नाही. तो आज कोठे आहे हे मला ठाऊक नाही. ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांच्या घरोघरी जाणार आहे. तेव्हा ती त्याच्याही हाती पडेल असे धरून हा लेख लिहितो. त्याचे स्वरूप आठवणीचे कमी आणि पाठाचे अधिक आहे. वाचकांनी हवे तर शेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. गणित गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही.

दहावीच्या हुशार मुलांसाठी आम्ही घेत असलेल्या सराव परीक्षेत मी एक उदाहरण घातले होते. दोन मीटर लांबीच्या दोरीला १.९९ किलोग्रॅम वस्तुमानाचा लाकडी ठोकळा टांगलेला आहे. १० ग्रॅमची बंदुकीची गोळी सेकंदाला ३०० मीटर वेगाने आडवी येऊन त्यात रुतते. गोळीसह ठोकळा झोका घेऊन किती उंच चढेल? त्या मुलाने गोळीची गतिज ऊर्जा काढली : वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचे निम्मे, म्हणजे ४५० ज्यूल. ही सर्व ऊर्जा उंचीच्या रूपाने साठेल असे मानून त्याने उत्तर लिहिले : सुमारे २३ मीटर. आकडेमोडीत एकही चूक नव्हती. मी पानभर फुली मारली आणि वर्गात म्हणालो, “दोरी दोन मीटरची, आणि ठोकळा सातव्या मजल्यावर चढवलास होय रे?” वर्ग हसला.

तो हसला नाही. उभा राहून त्याने विचारले, “सर, ऊर्जा अक्षय्य असते हे तुम्हीच शिकवलंत. मग इथे ती का नाही चालत?” मी उत्तर दिले, “धडकेत ऊर्जा टिकत नाही, संवेग टिकतो. हे पाठ करून ठेव.” तो खाली बसला. माझे हे वाक्य चूक होते. ऊर्जा धडकेतही टिकते, नेहमीच टिकते. त्याचे उत्तर चुकले होते हे खरे, परंतु त्याने विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि मी दिलेले उत्तर चुकीचे.

सध्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिला पाठ ‘गतीचे नियम’ हा आहे आणि दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’ हा. पहिल्यात संवेगाच्या अक्षय्यतेचा सिद्धांत येतो, दुसऱ्यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘अक्षय्य’. दोन्ही राशी वस्तुमान आणि वेग यांपासून बनतात. साहजिकच मुलांच्या मनात प्रश्न येतो की एकच गोष्ट दोन नावांनी का शिकावयाची, आणि त्या वेगळ्या असतील तर उदाहरणात कोणती केव्हा वापरावयाची. बहुतेक मुले दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करतात आणि पहिला प्रश्न सोडून देतात. आम्ही शिक्षकही तेच करतो.

प्रथम त्या ठोकळ्याचेच बरोबर उत्तर काढू. गोळी ठोकळ्यात रुतण्याचा काळ अत्यंत अल्प असतो आणि तेवढ्या काळात आडव्या दिशेने बाहेरचे कोणतेही लक्षणीय बल नसते. म्हणून आडवा संवेग कायम राहतो. गोळीचा संवेग ०.०१ गुणिले ३००, म्हणजे ३ एकक. धडकेनंतर हाच ३ एकक संवेग गोळी आणि ठोकळा मिळून होणाऱ्या २ किलोग्रॅमकडे आहे. म्हणून त्यांचा वेग सेकंदाला १.५ मीटर. आता येथून पुढे झोका. झोक्यात गतिज ऊर्जेचे स्थितिज ऊर्जेत रूपांतर होते आणि त्यावरून उंची येते सुमारे साडेअकरा सेंटिमीटर. कोठे २३ मीटर आणि कोठे साडेअकरा सेंटिमीटर! उत्तर दोनशे पटींनी चुकले होते.

हे उदाहरण मी रचलेले नव्हे. इंग्लंडमधील गणिती बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये तोफशास्त्रावरील आपल्या ग्रंथात याच युक्तीने बंदुकीच्या गोळीचा वेग मोजण्याची पद्धत मांडली. एवढा प्रचंड वेग डोळ्यांनी किंवा त्या काळच्या घड्याळाने मोजणे अशक्य होते; जड लोलक किती हलला एवढे पाहणे शक्य होते. या युक्तीचे मर्म असे की तिला दोन्ही नियम लागतात, आणि तेही क्रमाने. धडकेच्या क्षणी संवेगाचा हिशेब चालतो, गतिज ऊर्जेचा चालत नाही. झोक्यात गतिज आणि स्थितिज ऊर्जेचा हिशेब चालतो, संवेगाचा चालत नाही. कारण झोक्याच्या टोकाला ठोकळा क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचा संवेग ३ वरून शून्यावर आलेला असतो. कोणताही एकच नियम आरंभापासून शेवटपर्यंत लावला तर उत्तर चुकते.

आता त्या मुलाचा खरा प्रश्न. आरंभी गोळीजवळ ४५० ज्यूल होते. धडकेनंतर गोळी आणि ठोकळा यांच्या एकत्रित गतीत उरले २.२५ ज्यूल. मग ४४७.७५ ज्यूल कोठे गेले? ते कोठेही गेले नाहीत, ठोकळ्यातच आहेत. लाकूड चिरले, गोळी चेपली, थोडा आवाज झाला आणि बहुतेक सर्व भागाची उष्णता झाली. मग ती जाणवत का नाही? कारण उष्णतेच्या मापाने ४४८ ज्यूल ही अगदी किरकोळ रक्कम आहे. अर्धा कप, म्हणजे १०० मिलिलिटर, पाणी तेवढ्या ऊर्जेने जेमतेम एक अंशाने तापेल. जी ऊर्जा दोन किलोचा ठोकळा सातव्या मजल्यावर नेऊ शकते, तीच पाण्यात मुरली तर बोट बुडवूनही कळत नाही. माणसाला ऊर्जेचा नियम सापडण्यास एवढा उशीर का झाला, याचे हे एक मोठे कारण आहे. टकरींमधील संवेगाचे नियम सतराव्या शतकातच, १६६८-६९ च्या सुमारास, वॉलिस, रेन आणि हायगेन्स यांनी मांडले होते. ऊर्जेचा नियम पक्का होण्यासाठी १८४० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. मँचेस्टरच्या जेम्स ज्यूलने खाली येणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरविली आणि अंशाच्या बारीक भागापर्यंत पाण्याचे तापमान मोजले, तेव्हा तो हिशेब जुळला. एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंशाने तापविण्यासाठी तेवढेच वजन ७७२ फूट खाली यावे लागते असे त्याचे उत्तर होते.

परंतु ऊर्जा अशी लपू शकते, तर संवेग का लपू शकत नाही? माझ्या मते सर्व विषयाचा गाभा येथे आहे, आणि पुस्तकात तो एका ओळीत उरकला जातो : संवेग ही सदिश राशी आहे, ऊर्जा अदिश. मुले हे पाठ म्हणतात. त्याचा परिणाम काय, ते कोणी विचारत नाही.

आपल्या शाळेचे मैदान डोळ्यांसमोर आणा. मधली सुट्टी झाली आहे आणि शेकडो मुले वाटेल त्या दिशांना धावत आहेत. प्रत्येकाजवळ गतिज ऊर्जा आहे. ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे कधीच ऋण होत नाही. म्हणून सर्वांची बेरीज मोठी येते. पण संवेगाची बेरीज करू गेलो तर पूर्वेकडे धावणारा पश्चिमेकडे धावणाऱ्याला खोडून टाकतो आणि एकूण संवेग शून्याच्या जवळ येतो. आता घंटा झाली आणि तीच मुले रांगेने एकाच दिशेने वर्गाकडे चालू लागली. वेग कमी झाला, ऊर्जा पुष्कळच घटली. परंतु आता संवेगाची बेरीज ठळक झाली. उष्णता म्हणजे पदार्थाच्या रेणूंची मधली सुट्टी आहे. गोळीची ऊर्जा रेणूंच्या त्या सर्वदिश धावपळीत जाऊन लपते, कारण तेथे दिशेची अट नाही. संवेगाला मात्र दिशा सांभाळावी लागते. विस्कळीत धावपळीत तो राहूच शकत नाही. म्हणून उरलेल्या सव्वादोन ज्यूलांच्या त्या संथ सामूहिक हालचालीला संपूर्ण ३ एकक संवेग वाहून न्यावा लागतो. ऊर्जेजवळ रूप बदलण्याची सोय आहे. संवेगाजवळ ती नाही. त्याला एका वस्तूकडून दुसऱ्या वस्तूकडे जाता येते, इतकेच. झोक्याच्या टोकाशी ठोकळ्याचा संवेग शून्य झाला तेव्हाही तो दोरीतून छताकडे, छतातून इमारतीकडे आणि तेथून पृथ्वीकडे गेला. पृथ्वी एवढी अवाढव्य आहे की तिला ते जाणवत नाही.

आमच्या कबड्डीच्या संघाला हेच मी दुसऱ्या प्रकारे सांगत असे. ६० किलोचा एक खेळाडू सेकंदाला ५ मीटर वेगाने येतो, तेवढाच दुसरा तेवढ्याच वेगाने समोरून येतो, दोघे एकमेकांना भिडून जागच्या जागी थांबतात. एकूण संवेग आधी शून्य, नंतरही शून्य. काहीच घडले नाही! ऊर्जेच्या वहीत मात्र १५०० ज्यूलांची नोंद आहे आणि दुसऱ्या दिवशी खांदे दुखतात ते तिच्यामुळे.

बंदुकीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक फरक दिसतो. हीच गोळी ४ किलोग्रॅमच्या बंदुकीतून सुटली असेल, तर बंदूक सेकंदाला पाऊण मीटर वेगाने मागे येते. संवेग दोघांना समान वाटला गेला, ३ आणि ३, दिशा उलट. ऊर्जेची वाटणी पाहा : गोळीला ४५० ज्यूल, बंदुकीला सव्वा ज्यूलही नाही. संवेग समान वाटतो. ऊर्जा हलक्याच्या पदरात जास्त टाकते. बंदूक चालविणाऱ्याचा खांदा शाबूत राहतो, तो या विषम वाटणीमुळेच.

या दोन राशींचा गोंधळ मोठमोठ्यांचाही झालेला आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४४ मध्ये असे मांडले की विश्वातील गतीची एकूण राशी कायम असते. ही राशी म्हणजे वस्तूचा आकार गुणिले तिचा वेग. त्याने दिशा धरली नव्हती आणि त्यामुळे त्याचे टकरींचे नियम चुकले. जर्मन विद्वान लायब्निझ याने १६८६ मध्ये त्यावर जाहीर आक्षेप घेतला. त्याचा युक्तिवाद फार सोपा आहे. चार शेर वजन एक हात उचलण्यास जेवढे श्रम, तेवढेच एक शेर वजन चार हात उचलण्यास. दोन्ही वजने त्या त्या उंचीवरून सोडली तर दुसऱ्याचा वेग पहिल्याच्या दुप्पट होतो. वस्तुमान गुणिले वेग काढला तर ४ आणि २ येतात, म्हणजे विषम. वेगाचा वर्ग घेतला तर ४ आणि ४. तेव्हा खरी राशी वर्गाची, असे त्याचे म्हणणे. पुढे हॉलंडमधील स्ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून दाखविले की वेग दुप्पट झाला तर खड्डा चौपट खोल होतो. फ्रान्समधील एमिली द्यू शातले या विदुषीने १७४० मध्ये आपल्या भौतिकशास्त्राच्या ग्रंथात लायब्निझचा पक्ष घेतला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चे फ्रेंच भाषांतरही तिचेच, आणि ते तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

हा वाद अनेक दशके चालला. आणि दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते असे आज म्हणता येते. बल किती वेळ लावले हे मोजले तर संवेगातील बदल मिळतो. तेच बल किती अंतरापर्यंत लावले हे मोजले तर ऊर्जेतील बदल मिळतो. वेळाची वही वेगळी, अंतराची वेगळी. उडी मारणाऱ्या मुलाचे उदाहरण घ्या. तो पायाने जमीन दाबतो आणि जमीन त्याला वर ढकलते. त्याचा वर जाण्याचा संवेग जमिनीकडून आला. परंतु ढकलताना जमीन तसूभरही हलली नाही. अंतर शून्य, म्हणून जमिनीने केलेले कार्यही शून्य. मग ऊर्जा कोणी दिली? त्याच्या स्नायूंनी, आणि स्नायूंना वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातील सकाळच्या भाकरीने. एकाच उडीत संवेग एकाकडून आला आणि ऊर्जा दुसऱ्याकडून. ही दोन देणी वेगळी आहेत हे ज्याला पटले, त्याला दोन नियम का हवेत हे निराळे सांगावे लागत नाही.

त्याहून खोल उत्तर विसाव्या शतकात मिळाले आणि तेही एका स्त्रीने दिले. एमी नोदर, जन्म १८८२, जर्मनी. एर्लांगेन विद्यापीठात ती शिकू लागली तेव्हा मुलींना रीतसर प्रवेश नव्हता. प्राध्यापकांच्या परवानगीने वर्गात बसून ऐकता येत असे. डॉक्टरेट मिळाल्यानंतर तिने वर्षानुवर्षे बिनपगारी काम केले. ग्योटिंगेन येथे तिची व्याख्याने हिल्बर्ट या थोर गणितज्ञाच्या नावाने जाहीर होत. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसून ऐकावे लागले, अशा आपल्या वाचकांना ही व्यवस्था नवी वाटणार नाही. १९१८ मध्ये तिने सिद्ध केले की निसर्गनियमांत जेथे जेथे अखंडित सममिती आहे, तेथे तेथे एक अक्षय्य राशी असते. निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, म्हणून ऊर्जा अक्षय्य. ते येथे आहेत तेच तेथेही आहेत, म्हणून संवेग अक्षय्य. एक नियम काळाच्या एकसारखेपणातून येतो, दुसरा अवकाशाच्या. १९३३ मध्ये ज्यू म्हणून तिला नाझी राजवटीने नोकरीतून काढले; ती अमेरिकेस गेली आणि १९३५ मध्ये तेथेच वारली.

याच संदर्भात एक प्रश्न सांगण्यासारखा आहे. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर एका पालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, “सर, धम्म सांगतो सगळं अनित्य आहे. आणि पोराच्या पुस्तकात लिहिलंय ऊर्जा अक्षय्य. आम्ही कोणतं खरं मानायचं?” आधुनिक भौतिकशास्त्रातील अमुक शोध बुद्धांनी आधीच सांगून ठेवला होता, अशी विधाने व्यासपीठांवरून ऐकू येतात. मला त्यांचा संकोच वाटतो. धम्माला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही आणि प्रयोगशाळेलाही धम्माच्या. कालामांना तथागतांनी परंपरेवर किंवा ग्रंथावर विसंबू नका, स्वतः पारखून पाहा असे सांगितले. तेवढे पाळले तरी पुष्कळ. म्हणून मी त्या पालकांना एवढेच म्हणालो की दादा, ऊर्जा म्हणजे कुठे पुरून ठेवलेली वस्तू नव्हे. गोळीची गती गेली, लाकडाचे तंतू गेले, ऊब आली आणि तीही पसरून गेली. त्या ठोकळ्यात टिकलेली अशी एकही गोष्ट बोट ठेवून दाखविता येत नाही. टिकली ती फक्त बेरीज.

आज तेच पुन्हा भेटले तर आणखी एक गोष्ट सांगेन. बेरीज टिकते तीही अटींवर. बाहेरचे बल नसेल तर संवेग. नियम काळाबरोबर बदलत नसतील तर ऊर्जा. संपूर्ण प्रसरणशील विश्वाच्या बाबतीत तर अवकाश स्वतःच काळानुसार बदलत आहे. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश येथे पोहोचेपर्यंत तांबड्याकडे झुकतो, त्याची ऊर्जा घटते. आणि ती कोणत्या खात्यात जमा झाली असे विचारले तर आपल्या नेहमीच्या वहीत त्याचे सरळ उत्तर मिळत नाही.

आता त्या विद्यार्थ्याविषयी. ती उत्तरपत्रिका आज पुन्हा माझ्यासमोर आली, तर पाचपैकी मी त्याला दोन गुण देईन : गतिज ऊर्जा बरोबर काढल्याचा एक आणि ती उंचीत बरोबर बदलल्याचा एक. फुलीच्या जागी लिहीन, ‘४५० पैकी ४४७.७५ ज्यूल लाकडात तापून बसले आहेत. ते वजा करून पुन्हा कर. किती वजा करावयाचे, ते संवेग सांगेल.’ आणि वर्गात तो उभा राहिला असता, तर खाली बसण्याऐवजी त्याला फळ्याकडे बोलावीन.